उपाशी गोधडी

चिपळूणहून निघताना घरच्यांनी माझी यथेच्छ थट्टा करून घेतली. "लोक काशीला जातात, तू गोधड्यांना चाललीस," असं मोठ्या दिरांनी म्हटलं. जाऊबाईंनी विचारलं, "त्या बघून करणार काय?" मी म्हटलं, "लिहून ठेवणार." यावर दोघंही इतके हसले की मी पिशवीत कोकमं भरायचं विसरले, आणि खानदेशात आठवडाभर आमटीत चिंच खाल्ली.

माझं सारं आयुष्य एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. बत्तीस वर्षं मी कोकणच्या पावसाशी, बुरशीशी आणि पुस्तकं खाणाऱ्या कसरीशी लढले. निवृत्त झाल्यावर हातांना काम नव्हतं. अशात धुळ्याच्या मेघनाची ओळख झाली. ती कॉलेजात शिवणकला शिकवते आणि सुट्टीत चार-पाच जणींना घेऊन गावोगावच्या हातशिवणीच्या गोधड्यांची नोंद करते. गोधडी कुणी शिवली, कधी, कुणाच्या लुगड्याची, कुणासाठी, हे सगळं लिहायचं, फोटो काढायचे आणि गोधडी जिची तिला परत द्यायची. मोबदला नाही, प्रवास आपल्या खर्चाने. "नोंदी नीट ठेवणारं माणूस हवंय," असं मेघना म्हणाली आणि मी लगेच हो म्हणून बसले. हौसेला मोल नसतं.

जळगावला उतरले तेव्हा उजाडत होतं. डिसेंबरातली थंडी कशी असते हे आम्हा कोकण्यांना पुस्तकातूनच ठाऊक. माझ्याजवळ एक पातळ शाल होती. फलाटावर मेघना एकटीच कानटोपी घालून उभी होती; या खेपेला आम्ही दोघीच होतो. माझ्याकडे बघून तिने स्वतःची दुसरी शाल माझ्या खांद्यावर टाकली. स्टेशनाबाहेर चहा घेतला, मग तिच्या मावशीकडे जेवण. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची). हिरवी, लांबोडकी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजलेली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत राहिले. मावशीने ती न विचारता ताटात टाकली.

दुपारच्या गाडीने अमळनेर. डब्यात समोर एक बाई कांद्याच्या पातीचा भारा मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कथाईन उनात ताई?" (कुठून आलात?) मी सांगितलं, कोकणातून, गोधड्या बघायला. तिने भारा खाली ठेवला.

"गोधड्या देखाले? तुमनाकडे गोधड्या नही शेतस का?"

"आहेत, पण थंडीच नसते."

"मंग काय पांघरतस?"

"पंखा लावून चादर."

तिने शेजारणीकडे बघून मान हलवली. त्या नजरेत माझ्याबद्दलची कीव स्पष्ट दिसत होती. उतरताना तिने पातीची एक जुडी माझ्या पिशवीत खोचली. थंडी नसलेल्या मुलखातल्या माणसाला निदान भाजी तरी मिळावी, असा काहीसा तिचा हिशेब असावा.

अमळनेरला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आम्ही पहिली गोधडी उलगडली. तिचे वडील तेलाच्या गिरणीत होते. गोधडीचं अस्तर शेंगदाण्याच्या पोत्याचं निघालं, आणि त्यावर निळ्या शाईतली अर्धी-मुर्धी अक्षरं अजून दिसत होती. बाई म्हणाल्या, "लहानपणी मी ती अक्षरं वाचत वाचतच झोपायचे. वाचायला तिथेच शिकले म्हणा ना." मी ते वाक्य नोंदीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आपल्याला हे काम जमतंय, असं मला त्या दिवशी वाटलं. तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरडाण्याला उतरलो. तिथून शिरपूरची एसटी. वाटेत तापीचा लांबलचक पूल लागतो. नदी रुंद, संथ, कडेच्या वाळूवर बगळे. शिरपूरहून मेघनाच्या ओळखीच्या जीपने सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव गाठलं. दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आलेला, तुरी पिवळ्या फुलांनी भरलेल्या, आणि समोर डोंगराची निळी रांग. रस्ता असा होता की माझा चष्मा दोनदा मेघनाच्या मांडीवर जाऊन पडला.

आमचा मुक्काम अक्कांकडे होता. अक्का पंचाहत्तरीच्या, उंच, काटक. नऊवारीचा काष्टा पक्का, बोलणं मोजकं. घरात त्यांची सून रेखा, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली नात पूनम. पूनमला मुलगी होऊन आठ दिवस झाले होते. चार दिवसांनी बारसं, त्यामुळे घरात लगबग होती. सोप्यात डिंकाच्या लाडवांचा वास, अंगणात कोंबड्या, आणि आम्ही दोघी त्या सगळ्याच्या मधोमध वह्या उघडून बसलेल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. तासाभरात अंगणात बायका काखेत गोधड्या घेऊन जमल्या. एक ठेंगणी, तोंडाळ बाई सगळ्यांना सांगू लागली, "ह्या बाया गोधडीना जलमदाखला कराले उन्यात!" (गोधडीचा जन्मदाखला करायला आल्यात.) मग काय, जी ती जन्मतारखा सांगायला लागली. "हाई मन्हा लगननी." "हाई पूर उना व्हता त्या वरीसनी." एकीने लेकाच्या फाटक्या शाळेच्या गणवेशाची गोधडी आणली होती, खिसा तसाच ठेवलेला, त्यात लेक अजून बिडीबंडल लपवतो म्हणे. हशा उसळला. त्या दिवशी आम्ही सतरा गोधड्या नोंदवल्या.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर अक्कांनी पेटीतून स्वतःची गोधडी काढली. छोटी, पाळण्यात मावेल एवढीच, पण जाड आणि जड. वरचं कापड मऊसूत झालेलं. टाके इतके बारीक आणि एकसारखे की मेघनाने भिंगातून बघितले आणि नुसता उसासा टाकला.

"मन्ही सासूनी शिवेल शे," अक्का म्हणाल्या. "तिन्हं लुगडं, सासराना धोतर. आनि हाई लाल शे ना, ती मन्हा मालकनी बारसानी टोपी. ह्या घरना बठ्ठा पोरे (सगळी मुलं) पहिले हाई गोधडीवरच निजनात. पूनम भी."

"आणि आता पूनमची मुलगी," मी म्हटलं.

"हा. बारसाले."

त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्यांचा हात काही क्षण गोधडीवरच राहिला, मग त्यांनी तो काढून घेतला. नोंद सकाळच्या उजेडात करू, असं ठरलं.

सकाळी मेघना शेजारच्या गल्लीत फोटो काढायला गेली आणि मी एकटीच ओट्यावर गोधडी पसरून बसले. मापं घेतली, थर मोजले, रंग लिहिले. आणि कोपरे चाचपताना एका कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. कडक, खडबडीत, बोराच्या बीएवढं. दाबलं तर आत भुगा झाल्यासारखं वाटलं.

ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या बाईला अशा वेळी एकच गोष्ट सुचते: कीड. अळीचं घर, कोष, नाहीतर उंदराने नेऊन ठेवलेलं काही. तीन दिवसांनी या गोधडीवर बारा दिवसांचं बाळ झोपणार! मी कुणालाही विचारलं नाही. विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही, इतकी माझी खात्री होती. पिशवीतून छोटी कात्री काढली, कोपऱ्याचे सहा टाके अलगद उसवले, चिमट्याने तो तपकिरी खडा काढला, भुगा ब्रशने झटकला आणि सगळं अंगणात फेकलं. एक तांबडी कोंबडी धावत आली आणि तिने क्षणात सगळं टिपून टाकलं. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. अक्का न्हाणीघरातून येताना दिसल्या तेव्हा मीच त्यांना हाक मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"अक्का, बघा, कोपऱ्यात काहीतरी कीड होती. काढून टाकली."

अक्का जवळ आल्या. कोपरा हातात घेतला.

"घास कोठे शे?"

मला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, कीड होती, टाकून दिली.

"कोठे टाका?"

मी अंगणाकडे बोट केलं. कोंबडी अजून तिथेच माती उकरत होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या, मग खाली बसल्या. रेखा आतून धावत आली, तिने कोपरा बघितला आणि कपाळाला हात लावला.

रेखा शिरपूरची, शहरात शिकलेली. तिनेच मला समजावलं. गोधडी शिवून पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा एक वाळवलेला घास ठेवून तो शिवून टाकतात. जिने गोधडी शिवली तिच्याच हातच्या भाकरीचा. गोधडीला उपाशी ठेवायचं नाही. ती उपाशी राहिली तर तिच्यावर निजणारं लेकरू उपाशी राहतं, असं मानतात.

"हिच्यातला घास आजेसासूबाईंचा होता," रेखा हळू आवाजात म्हणाली. "त्या जाऊन वीस वर्षं झाली."

अक्का कोंबडीकडेच बघत होत्या. "तिन्हा हातनी भाकर घरमा तेवढीच ऱ्हायेल व्हती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात: "आते उपाशी गोधडीवर लेकरू निजाडू का मी?"

मला भयंकर लाज वाटली. चार ओळी लिहून ठेवण्यासाठी मी पाचशे किलोमीटर आले आणि जे टिपायचं तेच कोंबडीला घालून बसले. मेघना आली, तिने ऐकलं आणि ती माझ्यावर ओरडली, जे मला खरं तर बरं वाटलं. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. ज्या बायका काल हसत होत्या आणि आज आणखी गोधड्या घेऊन आल्या होत्या त्या आपापल्या गोधड्या उचलून गेल्या. ठेंगणी बाई तेवढी दारात थांबून माझ्याकडे बघत होती. "कोकनमा काय माटी खातस का?" असं काहीसं पुटपुटून तीही गेली.

बाळ रडायला लागलं की पूनम त्याला पटकन आत नेई, आणि मला वाटे, हे माझ्यामुळेच रडतंय. मी जायचं ठरवलं. मेघना म्हणाली, "पळून जायचं नाही. गोधडी तशीच उसवलेली टाकून तर अजिबात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "अक्का, मी चुकले. काय करायचं ते सांगा, मी करते."

अक्का चुलीपुढे होत्या. "तुम्ही काय कराल?" त्या म्हणाल्या. "बसा आठे."

त्यांनी कळण्याचं पीठ मळलं. एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, फुगली तशी उतरवून ठेवली. तिचा काठाकडचा एक तुकडा मोडला आणि निखाऱ्यावर धरून खुटखुटीत वाळवला. मग गोधडी मांडीवर घेऊन त्यांनी मला कोपरा धरायला सांगितला. मोठ्या सुईत दोरा ओवला, आणि घास ठेवायला जागा व्हावी म्हणून बोट आत घातलं. तिथेच त्या थबकल्या.

"रेखा, इकडे ये वं. मझार आखो येक गोधडी शे." (आत आणखी एक गोधडी आहे.)

आम्ही सगळ्या वाकून बघू लागलो. वरच्या थरांच्या आत खरंच दुसरी, जुनी, बोटभर दिसणारी शिवण होती. विरलेलं निळं कापड, वेगळ्याच हाताचे तिरपे टाके. जुनी गोधडी फाटली की तिच्यावर नवे थर चढवून ती नवीच्या पोटात घालतात, हे मेघनाने मला सांगितलं होतं. पण या गोधडीच्या पोटात अशी एक आहे, हे अक्कांनाही माहीत नव्हतं. त्यांनी त्या आतल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथेही एक बारीक गाठ होती.

"हिचाही घास!" मेघनाने कॅमेरा उचलला. "अक्का, थोडं आणखी उसवलं तर—"

"कुणाची असेल?" मी विचारलं.

"माले काय माहीत. मन्ही सासूनी सासूनी, नही ते तिन्हा बी सासूनी." अक्कांनी कोपरा मिटला. "ऱ्हाऊ द्या तिले. जेयेल शे ती." (जेवलेली आहे ती.)

मेघनाने कॅमेरा खाली ठेवला. मला तिचा फार अभिमान वाटला.

मग अक्कांनी स्वतःच्या भाकरीचा घास आत सरकवला आणि शिवायला घेतलं. सहा टाक्यांना त्यांनी फार वेळ लावला. एक टाका घातला, बघितला, काढला, पुन्हा घातला. हा राग असेल, असं मी समजले आणि आणखी आकसले. शिवून झाल्यावर त्या गोधडी घेऊन आत गेल्या. जुन्या टाक्यांशेजारी नवे टाके जरा लांब दिसत होते.

दुपारी ठेंगणी बाई पुन्हा दारात उभी. काखेत गोधडी. मागे आणखी चौघी.

"लिखा," ती म्हणाली. "पन कोपरा सोडीसन!"

सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसले, आणि त्या दिवशी आम्ही आणखी अकरा गोधड्या लिहिल्या. प्रत्येक नोंदीच्या वेळी कुणी ना कुणी माझ्या हातातली कात्री काढून घेई. घासाबद्दल आता प्रत्येकीकडे एक गोष्ट होती: कुणाच्या आईने भाकरीऐवजी पुरणपोळीचा घास घातला होता, कुणाच्या गोधडीतला घास मुंग्यांनी नेला तर तिने मुंग्यांना शिव्या देऊन दुसरा घातला. इतकं सगळं आम्हाला एरवी कुणी सांगितलंच नसतं, हे मेघना मला तीन वेळा म्हणाली, पण माझं मन काही हलकं होईना.

दुसऱ्या दिवशी निघालो. आदल्या दिवशीपासून मी वाट बघत होते की अक्का "बारशाला थांबा" म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. रेखाने शेवेचा डबा बांधून दिला, पूनमने बाळाचा हात माझ्या बोटाला लावला, आणि अक्का ओट्यावरून "बरं, या" एवढंच म्हणाल्या. तापी ओलांडताना मी बगळे मोजले. एकूण नऊ होते.

घरी पोचल्यावर दिरांनी विचारलं, "झालं का गोधडीपुराण?" मी सगळं सांगितलं, कोंबडीसकट. ते हसले नाहीत. जाऊबाईंनी मात्र उठून कपाटातली आपल्या आईची चार पदरी चौघडी काढली आणि तिचे चारही कोपरे चाचपून बघितले. काही लागलं नाही.

दोन दिवसांनी पूनमच्या फोनवरून फोन आला. पलीकडे अक्का.

"बाई, वळखं का? बारसं चांगलं व्हयनं. पोर गोधडीवर निजनी, आनि लगेच मुतनी बी."

मला हसू फुटलं. मी म्हटलं, "उपाशी नाही ना झोपली?"

"नही वं. पोटभर दूध पिनी." मागे बारशाला येऊन राहिलेल्या पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता. "तुम्हले येक सांगस. तठे बठ्ठासमोर सांगता उनं नही." (तिथे सगळ्यांसमोर सांगता आलं नाही.)

"सांगा, अक्का."

"मन्ही सासू व्हती तवलोंग तिनी माले ती गोधडीले सुई लावू दिधी नही. तुन्हा टाका मोठा पडस, म्हने. (ती होती तोवर सुई लावू दिली नाही; तुझा टाका मोठा पडतो, म्हणायची.) ती गई, तरी मन्हा हात चालना नही. येवढी वरीसं पेटीमा ठेवी, ऊन दिधं, पोरे निजाडात. पन ती गोधडी तिन्हीच. मन्हं त्यामा काहीच नही. तुम्ही तो घास काढा नसता, ते मी त्यामा कशी येती? (काढला नसता, तर मी तिच्यात कशी आले असते?) आते मन्हा घास शे तठे. तिन्हा पोरे, मन्ही नात, आनि आते ही पोर, बठ्ठा त्यावरच निजनात. जो उसवी तो देखी." (जो उसवेल तो बघेल.)

माझे डोळे भरून आले होते आणि जाऊबाई स्वयंपाकघरातून काय झालं, काय झालं, विचारत होत्या.

"टाका मोठाच पडना पन," अक्का म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी फोन ठेवला. बत्तीस वर्षं पुस्तकं सांभाळली म्हणून मी स्वतःला जपणूक करणारी समजत आले. अक्कांनी ती गोधडी माझ्याहून कितीतरी जास्त जपली होती. इतकी, की तिच्यात स्वतःपुरती जागासुद्धा कधी मागितली नव्हती.